डीएसओ १३८: दोन हजारांच्या आतला ऑसिलोस्कोप आणि त्याची २०० किलोहर्ट्झची वेस

टीव्ही, इन्व्हर्टर किंवा चार्जर दुरुस्त करून पोट भरत असाल तर डीएसओ १३८ हा स्वतः जोडायचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) घेऊ नका. पैसे वाया जातील आणि शिव्या मला बसतील. पण विजेची लहर म्हणजे नेमकं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल, हातात सोल्डरिंग आयर्न धरता येत असेल (किंवा धरायला शिकायची तयारी असेल), आणि घरात आठवी-नववीतलं एखादं पोर सारखं "हे असं का?" विचारत असेल, तर जरूर घ्या. मी घेतला, जोडला, आणि आता इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्याच्या नावावर झाला आहे. घरच्या मंडळींचं यावर काय म्हणणं आहे ते इथे लिहीत नाही.

वस्तू अशी आहे: तळहाताएवढा पीसीबी (पार्ट बसवायची सर्किटची पाटी), त्यावर २.४ इंची रंगीत पडदा, ३२० बाय २४० ठिपक्यांचा. उजवीकडे बटणं, डावीकडे तीन सरकते स्विच, डोक्यावर वायर जोडायचं बीएनसीचं गोल सॉकेट आणि सोबत एक लाल-काळ्या क्लिपांची वायर. चॅनेल एकच. पोटात एसटीएम३२एफ१०३ नावाचा मायक्रोकंट्रोलर, ७२ मेगाहर्ट्झवर चालणारा. आम्ही ज्या ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या ट्रेनर किटवर हेक्साडेसिमल आकडे ठोकून ठोकून बोटं झिजवली, त्याची गती होती ३ मेगाहर्ट्झ आणि त्याला टेबल पुरत नसे. मूळ रचना चीनच्या जेवायई टेक या कंपनीची. बाजारात नकला ढीगभर, त्यामुळे घेताना विक्रेत्याला मूळची आहे का ते विचारून घ्या. नकलेवर नवं फर्मवेअर (यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम) चढेलच याचा भरवसा नसतो.

माझी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे सीआरओ, म्हणजे काचेच्या नळीचा जुना ऑसिलोस्कोप होता, कपाटात, कुलुपात. रजिस्टरवर सही करून काढायचा, दोघांनी धरून टेबलावर ठेवायचा, दोन-चार मिनिटं तापू द्यायचा. मग मधोमध एक हिरवा ठिपका उगवायचा आणि नॉब फिरवला की त्याची रेघ व्हायची. गरम झालेल्या धुळीचा एक वास यायचा त्याला. कार्ल फर्डिनांड ब्राउनने १८९७ साली कॅथोड किरणांची नळी केली तेव्हापासून साधारण शंभर वर्षं विजेकडे बघण्याची हीच खिडकी होती: इलेक्ट्रॉनांची धार खालीवर हलवायची आणि काचेवरच्या लेपाने ती उजळून दाखवायची. मधे हिशेब करणारं कुणी नाही. जे येतं ते दिसतं.

इंदूरकरांना सीआरओचं अप्रूप वाटायचं खरं तर कारण नाही. परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्लेक्समध्ये सायंटिफिक आणि सायंटेक ही नावं लावलेले स्कोप आणि ट्रेनर किट वर्षानुवर्षं बनत आले आहेत. बाहेरगावच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये यंत्राच्या पाठीवर 'इंदौर' वाचलं की छाती उगाच दोन इंच फुगते. पण तसला २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा स्कोप घरी असावा ही इच्छा पगारात कधी बसली नाही. सराफ्यातली मधल्या वजनाची एक अंगठी आणि सीआरओ यांच्यात घरात कोण जिंकणार हे सांगायला नको.

तर आता जोडणीकडे. किट दोन प्रकारांत मिळतं. एकात बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे) पार्ट आधीच बसवलेले असतात, दुसऱ्यात तेही तुम्हीच लावायचे. साठी उलटलेल्यांनी पहिलं घ्यावं. तरीही हाताने लावायला भरपूर उरतं. रेझिस्टन्स सगळे १ टक्केवाले, निळ्या अंगावर पाच पट्टे, आणि त्या निळ्यावर तपकिरी कुठला, लाल कुठला आणि नारिंगी कुठला हे सूर्यप्रकाशातसुद्धा भांडण लावणारं प्रकरण आहे. पट्टे वाचत बसू नका. मल्टिमीटर लावा, आकडा बघा, मग पाय वाकवा.

खरी परीक्षा चार काळ्या गोष्टींची. ७८एल०५, ७९एल०५, ८५५० आणि ९०१४. चौघांचा चेहरामोहरा एक: अर्धगोल काळं अंग, तीन पाय. पहिला अधिक ५ व्होल्ट देणारा, दुसरा उणे ५ देणारा, बाकीचे दोन ट्रान्झिस्टर. अंगावरची अक्षरं इतकी फिकट की भिंग आणि तिरपा उजेड दोन्ही लागतात. मी चौघांना आधी थर्मोकोलवर टोचून बाजूला नावं लिहिली, मगच आयर्न तापवलं. उणे ५ का लागतात, हा प्रश्न शिकणाऱ्याला जरूर विचारा. लहर शून्याच्या खालीही जाते. तिला खाली जायला जागा द्यायची तर अँप्लिफायरला दोन्हीकडचा पुरवठा हवा. अडॉप्टर मात्र एकच, ९ व्होल्टचा. म्हणून बोर्डावर एक कॉइल आणि ट्रान्झिस्टर मिळून उणे व्होल्टेज तयार करतात. एवढं एक कळलं तरी निम्मे पैसे वसूल.

माझ्या पाकिटात १०४ छापलेला एक कंडेन्सर कमी निघाला. विक्रेत्याला कळवलं, उत्तर अजून येतंय. शेवटी महाराणी रोडवर गेलो. तिथल्या एका जुन्या दुकानात गल्ल्यामागे भिंतभर पत्र्याचे खण आहेत आणि मालक न बघता बरोबर खणात हात घालतो. त्याने दोन काढून दिले. पैसे विचारले तर म्हणाला, "अंकल, दो कंडेन्सर का क्या बिल बनाऊँ, ले जाओ।" ऑनलाइन खरेदीला पाचपैकी किती तारे द्यायचे ते द्या, या गृहस्थाला माझ्याकडून सहा.

पडदा लावण्याआधी एक पायरी आहे, ती गाळू नका. बोर्डाला ९ व्होल्ट द्यायचे, टीपी२२ या बिंदूवर ३.३ व्होल्ट येतात का ते मीटरने बघायचं, पुरवठा काढायचा आणि मगच जेपी४ ही जागा सोल्डरने जोडायची. तोवर मायक्रोकंट्रोलरपर्यंत वीज पोचत नाही. काही चुकलं असेल तर स्वस्तातला पार्ट जळावा, महागातला वाचावा, अशी ही व्यवस्था. ज्याने कुणी ही पायरी आखली त्याने नवशिक्यांचे हात बघितलेले आहेत.

चालू झाल्यावर लाल क्लिप बोर्डावरच्याच चाचणीच्या टोकाला अडकवायची. तिथे १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. पहिल्यांदा ती चौकोनी दिसतच नाही. कोपरे एक तर गोल, नाही तर शिंग फुटल्यासारखे वर आलेले. दोन छोटे ट्रिमर (फिरवून जुळवायचे कंडेन्सर) आहेत, ते बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचे आणि कोपरे काटकोनात आणायचे. मी एका कोपऱ्यावर बराच वेळ घालवला, कारण स्क्रूड्रायव्हरचं धातूचं टोक जवळ आलं की लहर बदलते आणि दूर नेलं की पुन्हा वेगळी. शेवटी जाड प्लॅस्टिकची एक काडी घासून तिचं चपटं टोक केलं. मग कोपरा बसला, आणि बसला तो असा की बघत राहावं.

घरात बघण्यासारखं काय काय असतं म्हणता? आधी एक ताकीद. भिंतीतल्या सॉकेटला हा कधीही थेट लावायचा नाही. याची इनपुटची मर्यादा ५० व्होल्ट शिखर. आपल्या २३० व्होल्टचं शिखर जातं ३२५ व्होल्टपर्यंत. शिवाय बोर्ड उघडा, तांबं सगळं बोटांशी. मी जुन्या रेडिओतला ६-०-६ चा ट्रान्सफॉर्मर मधे घालतो आणि त्याच्या एका बाजूचे ६ व्होल्ट बघतो. पुस्तकात साइन लहर किती सुबक काढलेली असते! आमच्या गल्लीतल्या विजेचा माथा संध्याकाळी चक्क चपटा दिसतो. कारण असं की टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब ही मंडळी लहर शिखरावर असतानाच करंट ओढतात, बाकीच्या वेळी स्वस्थ. सगळ्या गल्लीने एकाच क्षणी ओढलं की शिखर खचतं. थोडा वाटा माझ्या ट्रान्सफॉर्मरचाही असेल, पण अपरात्री उठून बघितलं तर तोच माथा पुष्कळ गोल झालेला असतो. (अपरात्री उठायला या वयात वेगळं कारण लागत नाही.)

बल्बचा प्रयोग तर हमखास करा. बागेतल्या मोडक्या सोलर दिव्याची पट्टी काढली, तिच्या दोन टोकांत १ किलोओहमचा रेझिस्टन्स अडकवला आणि ती स्कोपला जोडून बल्बखाली धरली. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब १०० हर्ट्झची उथळ लाट दाखवतो. तार तापलेली असते, तिला विझायला वेळच मिळत नाही. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी जवळपास सरळ रेघ. आणि हातगाडीवरून घेतलेला एक स्वस्तातला एलईडी शून्यापर्यंत खाली जाऊन सेकंदाला १०० वेळा वर येतो. त्या बल्बखाली वाचताना डोकं दुखतं अशी घरात तक्रार होती. बल्ब बदलला. तक्रार गेली ती त्यामुळेच का हे सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासून टेबलाच्या कोपऱ्याबद्दलचा सूर जरा मवाळ झाला.

नातीला सर्वांत आवडला तो टीव्हीचा रिमोट. सोलर पट्टीच्या जागी टीएसओपी१७३८ हा रिमोटचा प्रकाश टिपणारा तीन पायांचा रिसीव्हर ब्रेडबोर्डवर लावला, स्कोपचं ट्रिगर (लहर कधी टिपायची ते ठरवणारी सोय) 'सिंगल'वर ठेवलं आणि तिला बटण दाबायला सांगितलं. सिंगल म्हणजे लहर आली की एकदा टिपायची आणि गप्प बसायचं. जुन्या सीआरओला हे जमत नव्हतं, एकदाच येऊन जाणारी गोष्ट काचेवर चमकून विझायची आणि आम्ही एकमेकांना "दिसलं का?" विचारायचो. इथे ती पडद्यावर थांबली. आमच्या रिमोटची भाषा एनईसी या प्रचलित पद्धतीची निघाली: आधी ९ मिलिसेकंदांची लांब खूण, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. मधलं अंतर लांब असेल तर एक, आखूड असेल तर शून्य. पूर्ण संदेश एका वेळी पडद्यात मावत नाही, पण १०२४ बिंदू साठवलेले असल्याने बटण दाबत पुढे सरकता येतं. तिने वही काढली, बिट उतरवले, आठ-आठचे गट पाडले. आवाज वाढवायचं बटण, मग कमी करायचं. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, शेवटचे आठ बघा ना. आधीच्या आठांचं सगळं उलटं करून लिहिलंय."

बरोबर. टीव्ही दोन्ही गट ताडून बघतो. जुळले नाहीत तर हुकूम पाळत नाही. हे मी तिला आधी सांगितलं असतं तर ती 'हं' म्हणून मोबाइलकडे वळली असती.

आता वेशीबद्दल. कंपनी सांगते २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ (साधारण इतक्या वेगाच्या लहरीपर्यंतच हा धड दाखवतो) आणि सेकंदाला १० लाख नमुने, म्हणजे व्होल्टेजची मापं. दुसरा आकडा त्या मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीमुळे आहे. व्होल्टेजचा एक आकडा करायला त्याला १ मायक्रोसेकंद लागतो, त्याहून घाई चालत नाही. जुना सीआरओ लहर दाखवायचा, हा लहरीचे नमुने घेतो आणि ठिपके जोडून आपल्याला लहर काढून देतो. फरक मोठा आहे. आम्हा एक्स्चेंजवाल्यांना हे गणित पाठ असतं. तुमचा आवाज ३४०० हर्ट्झवर कापायचा, सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येकाचे ८ बिट, झाले ६४ किलोबिट. ८००० का? कारण हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये जे मांडलं आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये पक्कं केलं त्याचा व्यवहारातला अर्थ असा की सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले तरच ते कंपन परत उभं करता येतं. कमी घेतलेत तर काहीच दिसणार नाही असं वाटेल, पण तसं होत नाही. भलतंच, आणि अगदी खरं वाटेल असं दिसतं. सिनेमात पुढे धावणाऱ्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ते याच कारणाने.

या डब्यात हे बघणं सोपं आहे. रिमोटच्या प्रयोगात टीएसओपी काढा आणि साधा फोटोडायोड लावा. रिमोटचा प्रकाश ३८ किलोहर्ट्झने लुकलुकत असतो. २०० च्या आत, म्हणजे दिसायला हवा. टाइमबेस, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकोनाला किती वेळ, तो १० मायक्रोसेकंदांवर ठेवलात तर दिसतोही. आता तोच १ मिलिसेकंदावर न्या. साठवायचे बिंदू तेच १०२४, वेळ मात्र कितीतरी जास्त पसरलेली, त्यामुळे एका कंपनाला पुरेसे नमुने मिळतच नाहीत. पडद्यावर जी जाळी उमटते तिचा ३८ शी काही संबंध उरत नाही. यंत्र 'माफ करा' म्हणत नाही. बँडविड्थचा आकडा खोक्यावर छापलेला असतो. टाइमबेस बदलला की प्रत्यक्षातली वेस किती जवळ सरकते ते कुणी छापत नाही. डीएसओ १३८ वर माझा खरा जीव आहे तो इथे. महागाच्या स्कोपला ही वेस इतकी दूर असते की शिकणाऱ्याची तिच्याशी गाठच पडत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात टक्कर होते, तीही रिमोटसारख्या निरुपद्रवी वस्तूवर.

वेस किती जवळ आहे त्याचं एक आमच्या शेजारचं माप देतो. राजेंद्रनगरहून कॅट लांब नाही. आता नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण रिक्षावाला कॅटच म्हणतो आणि आम्हीही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे लोकांना आत सोडतात आणि इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं मोठं यंत्र बघायला मिळतं. १७२.५ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. भागाकार करा: एका फेरीला सुमारे ०.५७५ मायक्रोसेकंद. म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा एक नमुना घेऊन दुसरा घेईपर्यंत तिकडचा इलेक्ट्रॉन जवळपास पावणेदोन फेऱ्या मारून मोकळा. आकाशवाणी इंदूरची मीडियम वेव्ह ६४८ किलोहर्ट्झची, तीही याच्या आवाक्याबाहेर. चार्जरमधली स्विचिंग (वीज झपाट्याने चालू-बंद करणं) ६५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, ती आहे अशी चाहूल लागते, पण तिच्या तीक्ष्ण कडा इथे मऊ होऊन येतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याचं सगळं दुखणं त्या कडांतच असतं. म्हणून पहिल्याच ओळीत त्याला नको म्हटलं.

आवाजाच्या कामाला मात्र छान. जुन्या बटणांच्या फोनवर ५ दाबा: ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकत्र. दोन लहरी एकमेकींवर चढून जो आकार होतो तो मी नोकरीत असताना रोज 'ऐकला', बघितला आता. गिटार, माइक, ५५५ या चिपचा ऑसिलेटर, गणपतीच्या झाँकीसाठी केलेले ४०१७ या चिपचे पळते दिवे, सगळं आवाक्यात.

कुरकुरी किरकोळ आहेत. बटणं टकटक दाबावी लागतात, टाइमबेस बदलायला नॉबची सवय असलेल्या हाताला ते छळतं. लाल-काळ्या क्लिपा कामचलाऊ. थोडे जास्त पैसे टाकून बीएनसीची नीट प्रोब घ्या. अक्रिलिकचं खोकं वेगळं मिळतं, ते घ्याच, कारण उघड्या बोर्डाखाली स्टीलचा चमचा सरकला की काय होईल ते जेवणाच्या टेबलावर राहणाऱ्या यंत्राला आम्ही समजावू शकत नाही. अडॉप्टर पाकिटात येत नाही. बंद पडलेल्या राउटरचा ९ व्होल्टचा चालतो, फक्त मधली पिन अधिक आहे याची मीटरने खात्री करा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावायचा मोह टाळा. हा १२० मिलिअँपिअरच्या आसपास पितो, बॅटरी बघता बघता बसते.